सव्हानाचा निरागस कुत्रा

प्रवासवर्णन हा मराठीत फार लिहिला जाणारा आणि फार कमी तपासला जाणारा प्रकार आहे. कथा-कवितेला आपण जे प्रश्न विचारतो, ते प्रवासलेखकाला विचारत नाही. तो फिरून आला, त्याने पाहिले, त्याला आनंद झाला; यात वाद कसला घालायचा, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या दक्षिणेतील एखाद्या जुन्या शहरात आपल्या कुत्र्याला घेऊन भटकण्याविषयीचे लेखन हा या प्रकाराचा अलीकडे बराच बोकाळलेला पोटभेद. मूळ इंग्रजीतला, पण तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही तो मानवू लागला आहे. या लेखनाविषयी माझी तक्रार आहे. ती कुत्र्याविषयी नाही, हे आधीच सांगतो.

जॉर्जिया राज्यातील सव्हाना हे या लेखनाचे लाडके शहर. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ साली वसवलेले. त्याच्या नगररचनेतून वाढत गेलेल्या चोवीस चौकांपैकी बावीस आजही शिल्लक आहेत. प्रत्येक चौक म्हणजे एक छोटी बाग. तिच्यावर ओकवृक्षांचे छत, फांद्यांवरून लोंबणारे करड्या शेवाळासारखे झुबके, कडेने जुनी घरे. फोर्सिथ पार्कमध्ये १८५८ सालचे पांढरे कारंजे. नदीकाठी दगडी फरसबंदीचा रस्ता. पायी हिंडावे असेच हे शहर आहे, आणि कुत्र्यासह हिंडण्यासाठी तर विशेष सोयीचे. चौकाचौकांत हिरवळ, दुकानांच्या दाराशी पाण्याची वाडगी, उपाहारगृहांच्या अंगणात मालकाच्या पायाशी कुत्र्यालाही जागा. लेखक सकाळी निघतो. कुत्रा झाडे हुंगतो, अनोळखी माणसे थांबून त्याचे नाव विचारतात, दोन गोड वाक्यांची देवाणघेवाण होते. दुपार होईपर्यंत लेखकाला हे शहर आपलेच वाटू लागते आणि संध्याकाळी तो लिहितो, की येथे काळ थांबला आहे.

काळ थांबलेला नाही. लेखकाने तो थांबवला आहे, आणि त्या कामी कुत्र्याला राबवले आहे. एकटा प्रवासी परका असतो. परक्याला प्रश्न पडतात: ही घरे कोणी बांधली, कोणाच्या पैशाने बांधली, नदीकाठच्या या वखारींत काय साठवले जाई? कुत्रा बरोबर असला की माणूस तासाभरात शेजारी होतो, आणि शेजारी असले प्रश्न विचारत नाहीत. या लेखनात कुत्रा हे निरागसतेचे प्रमाणपत्र आहे. ते दाखवले की लेखकाला इतिहासातून फुकट प्रवेश मिळतो.

पण दक्षिणेच्या इतिहासात कुत्रा निरागस राहू दिला गेलेला नाही. गुलामगिरीच्या काळात पळालेल्या माणसाचा माग काढण्यासाठी खास शिकवलेली कुत्री पाळली जात. तो एक धंदाच होता. अशी कुत्री बाळगणारे लोक मजुरी घेऊन माणसे शोधून देत. सॉलोमन नॉर्थपच्या १८५३ सालच्या आत्मकथनात लुइझियानाच्या दलदलीतला पाठलाग आहे. मागे कुत्र्यांचा गलका, पुढे पाणी. लहानपणी पोहायला शिकला होता म्हणून तो वाचला. पाण्यात माणसाचा वास तुटतो. हॅरिएट बीचर स्टोवच्या कादंबरीतही (१८५२) पळालेल्या स्त्रियांच्या मागावर कुत्री सोडली जातात. आणि उलट बाजूही पाहा. स्वतःचा कुत्रा पाळण्याची मुभा गुलामांना सर्वत्र नव्हती. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने १७९२ साली आपल्या कारभाऱ्याला लिहिले, की यापुढे एखाद्या गुलामाने कुत्रा ठेवला तर त्याला कडक शिक्षा करावी आणि कुत्र्याला फाशी द्यावे. कुत्रा कोणाचा सोबती होऊ शकतो आणि कोणावर सोडला जातो, हे त्या समाजाने ठरवून टाकले होते. ज्यांनी हे भोगले त्यांच्या साहित्यात कुत्र्याच्या भुंकण्याला एक अर्थ आहे. आमचा प्रवासलेखक त्याच भूमीवर चालतो आणि त्याला फक्त शेपूट हलताना दिसते.

सव्हानापुरतेच बोलायचे तर नदीकाठच्या त्याच रस्त्यावर दोन शिल्पे आहेत. एक फ्लॉरेन्स मार्टसचे. ही दीपगृहरक्षकाची बहीण १८८७ पासून १९३१ पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना हात हलवून निरोप देत असे. शिल्पात तिच्या शेजारी तिचा कॉली जातीचा कुत्रा आहे. कुत्र्यासह फिरणारा प्रत्येक लेखक येथे हमखास थांबतो. दुसरे शिल्प एका कृष्णवर्णीय कुटुंबाचे. स्त्री, पुरुष आणि मुले एकमेकांना बिलगून उभी, पायाशी तुटलेल्या साखळ्या. ते उभे राहायला २००२ साल उजाडावे लागले. पहिल्या शिल्पानंतर सुमारे तीस वर्षे, आणि त्यातही दहाहून अधिक वर्षे नागरी खटपटीची. त्यावरचा मजकूर माया अँजेलोचा आहे. गुलामवाहू जहाजाच्या तळघरातील जगणे त्यात आले, ते काहींना फार कठोर वाटले, म्हणून शेवटी तिने आशेचे एक वाक्य जोडले. जहाजांना हात करणारी मुलगी आणि तिचा कुत्रा यांच्याविषयी कोणाला काही कठोर वाटण्याचा प्रश्नच नव्हता. जहाजे मात्र त्याच नदीतून येत होती.

२ आणि ३ मार्च १८५९ रोजी शहराबाहेरच्या टेन ब्रॉक शर्यतमैदानावर पिअर्स बटलर नावाच्या मळेवाल्याची माणसे लिलावात निघाली. जुगारात आणि सट्ट्यात झालेले कर्ज फेडण्यासाठी दोन दिवसांत ४२९ माणसे विकली गेली. लिलावापूर्वी काही दिवस त्यांना घोड्यांच्या व गाड्यांच्या पागांत ठेवले होते. गिऱ्हाइके येत, दात पाहत, दंड चाचपत. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. कृष्णवर्णीयांच्या स्मृतीत ती घटना ‘रडण्याचा काळ’ म्हणून राहिली. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन हे सारे पाहिले आणि लिहिले, म्हणून ते आपल्याला तपशिलात ठाऊक आहे. फोर्सिथ पार्कचे कारंजे तेव्हा वर्षभरापूर्वी बसवलेले होते. कारंज्याचे छायाचित्र काढणाऱ्या लेखकाला हे दोन सनावळीचे आकडे शेजारी ठेवण्याला कितीसा वेळ लागला असता?

कोणी म्हणेल, ही सारी दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बरे, अलीकडे येऊ. जॉर्जिया विद्यापीठाचे मानचिन्ह म्हणून मिरवणारा ‘उगा’ नावाचा पांढरा बुलडॉग आणि त्याचे वारसदार सव्हानातील एका कुटुंबाने पिढ्यानपिढ्या पाळले. पहिला उगा १९५६ साली विद्यापीठाच्या मैदानावर उतरला. त्याच विद्यापीठात पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स यांना, प्रवेश मिळाला तो जानेवारी १९६१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने. आणि त्यांच्या स्वागताला दंगल झाली. म्हणजे कुत्रा पाच वर्षे आधी पोचला. मार्च १९६० मध्ये सव्हानाच्या ब्रॉटन रस्त्यावरील मोठ्या दुकानांच्या उपाहारकक्षांत बसल्याबद्दल कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अटक झाली. पोस्टमनची नोकरी करणाऱ्या डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ यांच्या नेतृत्वाखाली वर्षभराहून अधिक काळ त्या बाजारपेठेवर बहिष्कार चालला. आज दुकानाच्या दाराशी ठेवलेले पाण्याचे वाडगे पाहून ज्याला गहिवर येतो, त्याने त्याच शहरात पेलाभर पाणी मागण्यासाठी कोणाला तुरुंगात जावे लागले हे निदान एका ओळीत सांगावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

दक्षिणेतीलच दुसऱ्या एका शहराने हे सांगण्याची रीत शोधली आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे मे १९६३ मध्ये मुक्तिलढ्यातील निदर्शकांवर, त्यांत शाळकरी मुले होती, पोलिसांनी कुत्री सोडली. ती छायाचित्रे जगभर गेली. त्या जागेवर, केली इंग्रॅम पार्कमध्ये, जेम्स ड्रेकने घडवलेले एक शिल्प आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी भिंतींतून दात विचकणारी कुत्री अंगावर झेपावतात आणि चालणाऱ्याला त्यांच्यामधून जावे लागते. सव्हानाचा कॉली आणि बर्मिंगहॅमची ही कुत्री यांच्यात जीवशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. पट्टा कोणाच्या हातात आहे, हा फरक आहे. कुत्र्यासह दक्षिणेत हिंडणाऱ्या लेखकाला हा फरक ठाऊक नसेल तर ते त्याचे अज्ञान. ठाऊक असून त्याने गाळला असेल तर ती त्याची अभिरुची. दुसरा गुन्हा अधिक मोठा, कारण अभिरुची शिकवली जाते, आणि ती शिकवण्याच्या व्यवसायात आपल्यापैकी अनेकजण आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येईल: माणसाने सहज फिरायलाही जाऊ नये काय? प्रत्येक हिरवळीवर शोकसभा भरवायची काय? जरूर फिरावे. कुत्र्याला घेऊन फिरावे, झाडाखाली बसावे, आनंद मानावा. फिरणे ही खाजगी गोष्ट आहे. लिहिणे खाजगी नाही. ‘ऐतिहासिक शहर’ हे शब्द शीर्षकात वापरताच लेखकाने इतिहासाशी करार केलेला असतो. मग त्या शब्दाचा अर्थ ‘जुन्या खिडक्या असलेले’ एवढाच करून सुटता येत नाही. आनंद लिहिण्याला माझी हरकत नाही. पण तो आनंद काय काय गाळून मिळवला, हे वाचकापासून लपवण्याला हरकत आहे.

आणि मराठी लेखकाला तर ही पळवाट मुळीच उपलब्ध नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. तेथील गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या, ते शहर कधीही न पाहिलेल्या माणसाला सव्हानाची बातमी समजली होती. तिथे आठवडाभर राहून आलेल्याला ती समजू नये? १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याचे मर्म हेच होते, की जनावरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. जनार्दन वाघमाऱ्यांसारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्याचा परिचय मराठीत करून दिला आणि आपल्या विद्यापीठांतून दलित साहित्याची त्याच्याशी तुलना होत आली. वर्गात आपण हे सारे शिकवतो, आणि सुटीत वाचायला घेतो ते प्रवासवर्णन, ज्यात यातले अक्षर नसते. या दोहोंत विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही, हे मला सर्वात चिंताजनक वाटते.

सव्हानाच्या चौकांपैकी एकाला गुलामगिरीचा कट्टर कैवारी जॉन कॅलहूनचे नाव होते. २०२२ साली नगरपरिषदेने ते काढले आणि २०२३ साली सूझी किंग टेलरचे नाव दिले. सूझी गुलाम म्हणून जन्मली. अक्षर शिकणे बेकायदा असलेल्या या शहरात ती लहानपणी पुस्तके कागदात गुंडाळून, पोलिसांच्या नजरा चुकवत चोरट्या शाळेत जाई. पुढे यादवी युद्धात ती कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीबरोबर राहिली, त्यांना वाचायला शिकवले आणि १९०२ साली स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्या चौकाच्या आणि लगतच्या परिसरात गुलामांची दफनभूमी होती.

कुत्रा या हिरवळीवरही थांबेल, जमीन हुंगेल. त्याचा दोष नाही. त्याला वाचता येत नाही. ज्याला येते त्याने पाटी वाचावी आणि मग लिहायला बसावे.