रूम रिकामी आहे, मग चावी का मिळत नाही?

डिसेंबर आला की गोव्याहून एक तक्रार हमखास पोस्ट होते. 'सकाळी ११ ला पोहोचलो, रूम रिकामी होती, तरी ३ वाजेपर्यंत लॉबीत बसवलं.' मीही एकदा कळंगुटला बॅगेवर डोकं टेकून असे तीन तास काढलेत, त्यामुळे राग समजतो. पण हॉटेलच्या भाषेत 'रिकामी' आणि 'तयार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रंट डेस्कच्या स्क्रीनवर प्रत्येक खोलीसमोर एक कोड असतो. आधीचा पाहुणा गेला की खोली 'व्हेकंट डर्टी' होते, म्हणजे व्हीडी. साफसफाई झाली की 'व्हेकंट क्लीन', व्हीसी. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत इथेही चावी देत नाहीत. सुपरवायझर येऊन बाथरूमपासून मिनीबारपर्यंत तपासतो आणि मग खोली 'इन्स्पेक्टेड' होते. तुम्हाला दिसलेली रिकामी खोली बहुतेक वेळा व्हीडी असते.

आता हिशोब करा. चेक-आउट ११ ला, चेक-इन २ ला. मध्ये तीन तास. चेक-आउटची खोली नीट करायला साधारण ४० मिनिटं धरली, तर हाऊसकीपिंगच्या एका माणसाच्या हातून तीन तासांत चार खोल्या पूर्ण होतात, पाचवी अर्ध्यावर असते. त्याच्या यादीत समजा अशा आठ खोल्या असतील, तर उरलेल्या पाहुण्यांना थांबावंच लागतं. आणि हे सगळे पाहुणे ११ च्या ठोक्याला निघाले तर. सीझनमध्ये तसं कोण निघतं?

स्क्रीन एक सांगते, खोली दुसरंच

म्हणून हाऊसकीपिंगवाले दिवसातून दोन-तीनदा प्रत्यक्ष पाहून फ्रंट डेस्कच्या नोंदीशी ताळा घालतात. यातूनच काही मजेशीर शब्द आलेत. बिल न देता सटकलेला पाहुणा म्हणजे 'स्किपर'. बिल देऊन गेलेला, पण स्क्रीनवर अजून राहतोच आहे असा दिसणारा 'स्लीपर'. त्याची खोली रात्रभर विकली जात नाही, नुकसान हॉटेलचं. रूम घेतली, पण रात्री पलंगावर कुणी झोपलंच नाही, तर 'स्लीप आउट'.

'आउट ऑफ ऑर्डर' मात्र नीट समजून घ्यावा असा कोड. गळती, एसी बंद, अशी खोली विक्रीच्या मोजणीतूनच वगळतात. १०० खोल्यांच्या हॉटेलात ७६ भरल्या तर ७६ टक्के. त्यातल्या ५ 'आउट ऑफ ऑर्डर' दाखवल्या, की तेच ७६ भागिले ९५, म्हणजे ८० टक्के. आकडा सुधारला, गळती तशीच.

दारावरची पाटी आणि संप

'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे डीएनडी, ही वरवर साधी पाटी. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासच्या मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून गोळीबार झाला. हल्लेखोर कित्येक दिवस आधीपासून तिथे राहत होता. त्यानंतर दार किती दिवस बंद राहू द्यायचं, हा प्रश्न हॉटेलांपुढे आला. डिस्नेने फ्लोरिडातल्या आपल्या काही हॉटेलांत ही पाटी काढून 'रूम ऑक्युपाइड'ची लावली, म्हणजे गरज पडली तर कर्मचारी आत येऊ शकतात.

मग कोविड आला आणि चक्र उलटं फिरलं. रोजची साफसफाई थांबली, ती अनेक ठिकाणी परत आलीच नाही. २०२१ मध्ये हिल्टनने अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक ब्रँडमध्ये सांगितलं, की पाहुण्याने मागितली तरच रोज सफाई. पर्यावरण आणि पाहुण्याची सोय, अशी कारणं या क्षेत्रात दिली जातात. कामगारांचं म्हणणं वेगळं होतं. चार दिवस न झाडलेली खोली पाचव्या दिवशी साफ करायला दुप्पट मेहनत लागते, पण रोजच्या खोल्यांचा आकडा तोच राहतो. शिवाय एकूण काम कमी दिसल्यामुळे माणसंही कमी लागतात.

१ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेत सुमारे १० हजार हॉटेल कर्मचारी संपावर गेले. पगाराबरोबर त्यांची एक मागणी कोविडमधली कपात मागे घेण्याची होती. सॅन फ्रान्सिस्कोतला संप तर डिसेंबरपर्यंत चालला.

मला यातली खरी गोम त्या कोडमध्ये दिसते. एका रात्रीसाठी आलेल्या एकट्या माणसाची खोली आणि पाच दिवस पाटी लावून बसलेल्या कुटुंबाची, वाळू, सांडलेला ज्यूस आणि ओल्या टॉवेलांसकट खोली, स्क्रीनवर दोन्ही व्हीडीच. यादी वाटताना दोन्ही 'एक' मोजल्या, तर जास्तीचा वेळ कर्मचाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीतून जातो, नाहीतर लॉबीत बसलेल्या तुमच्या वेळेतून.

पुढच्या वेळी लवकर पोहोचलात तर काउंटरवर 'रूम रिकामी आहे का?' असं विचारू नका. 'याच कॅटेगरीत कुठलीही इन्स्पेक्टेड रूम आहे का?' असं विचारा. मजला किंवा व्ह्यूचा हट्ट नसेल तर चावी लवकर मिळू शकते. आणि निघताना डेस्कला सांगून निघा, म्हणजे तुमची खोली लगेच व्हीडीत जाते आणि वरच्या मजल्यावर ट्रॉली घेऊन थांबलेल्या माणसाला ती सुरू करता येते.