ओल्या गवतावर मशीन कशाला?

श्रावणात सर थांबली की कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लगेच गवत कापायचं मशीन सुरू होतं. ओलं गवत धड कापलं जात नाही, नुसतं आडवं पडतं. आपल्या जळगाव-धुळ्याची काळी माती चाकांना चिकटते, लगदे तिथंच कुजतात. आणि मधल्या गाजरगवताचं काय? १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे तण आता गल्लोगल्ली आहे. वरून छाटलं की बुडातून परत फुटतं, एका झाडाला हजारो बिया! खरं तर उपटायचे दिवस हेच. माती ओली असते, फुलं येण्याआधी मुळासकट निघतं. हातमोजे घालूनच हं, अंगाला फार खाज सुटते. ठेका देताना 'किती फेऱ्या कापलं' एवढंच काय मोजता भाऊ? उपटायची मजुरी वेगळी लावा. मशीन दोन दिवस उघडीप मिळाल्यावर फिरवा.