बंड्याला विचारलंय का?

'अय्या, किती गोड! याला थेरपी डॉग कर ना!' बंड्याला भेटणारं प्रत्येक दुसरं माणूस हेच म्हणतं. बंड्या म्हणजे आमचा तीन वर्षांचा इंडी. लिफ्टमधल्या कुरिअरवाल्यालाही शेपटी हलवून हॅलो करणारा. पण गोड असणं हे क्वालिफिकेशन नाहीच मुळी!

वृद्धाश्रमात, हॉस्पिटलमध्ये लोकांना भेटायला जाणाऱ्या कुत्र्यांसाठी अमेरिकेतल्या 'पेट पार्टनर्स'चे नियम वाचा. कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, तुमच्याकडे राहून 6 महिने झालेले हवेत, कच्चं मांस खाणारा चालत नाही. भेटीच्या आधी 24 तासांत आंघोळ मस्ट. आणि ड्यूटी दिवसाला जास्तीत जास्त 2 तास! (आपल्या एचआरला कुणीतरी हे फॉरवर्ड करा प्लीज.) आपल्याकडे 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'नं या क्षेत्रात बरंच काम केलंय.

'बस', 'थांब' हे पटकन जमतं. खरी कसोटी 'सोड'ची. कारण हॉस्पिटलच्या फरशीवर एखादी गोळी पडलेली असू शकते, आणि आपल्या साहेबांना जमिनीवरचं सगळं प्रसादच वाटतं!

वॉकरची ओळख मात्र हळूहळूच. आम्ही तो आधी दोन दिवस हॉलमध्ये नुसता ठेवला. मग त्याच्याजवळ चीजचा तुकडा. मग वॉकर वीतभर सरकवला, पुन्हा चीज. या सगळ्यात बघायचं ते कुत्र्याकडे. झोप आली नसताना जांभई, सारखं नाक चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं... म्हणजे तो 'पुरे' म्हणतोय. तिथेच थांबायचं. समोरच्या आजींना तो अजून हवा असला तरीही.

आमचं घोडं अडलंय ते काठीपाशी. बंड्या रस्त्यावरून आलाय. तिथे त्याच्या वाट्याला काय आलं असेल, कोण जाणे. पण वृद्धाश्रम म्हटला की काठ्या असणारच! दीड महिन्यानंतर आता तो आडवी पडलेली काठी हुंगतो. कुणी हातात घेतली, की सोफ्यामागे पसार.

'अगं, होईल सवय,' आई म्हणते. होईलही. पण नुसता गप्प उभा राहिला, तर त्याला मी सवय म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत बघणार. तेव्हाही तो सोफ्यामागेच गेला, तर बंड्याचं नाव द्यायचं नाही, हे आईला सांगून टाकलंय. आजींना भेटायला मी एकटी जाईन. बंड्याला कुरिअरवाला आहेच!