कंपनीच्या दारात कायरोप्रॅक्टर : हमालाच्या पाठीला नेमकं काय हवं?

जळगावच्या डाळमिलमधल्या हमालाची पाठ धरली, तर तो सहसा दवाखाना गाठत नाही. जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि दिवस मोडला की रोज बुडतो. मग मेडिकलवरून गोळी, मलम, नाहीतर एखाद्या पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणं. अमेरिकेत काही कंपन्या कायरोप्रॅक्टरला थेट कामाच्या जागी बोलावतात. हीच सोय जळगाव-धुळ्यात आली, तर घ्यावी का?

हा उपचार आहे तरी काय?

हातांनी मणक्याच्या सांध्याला नेमका, जलद झटका देण्याची ही पद्धत. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये ती सुरू केली. पहिला रुग्ण हार्वे लिलार्ड हा त्याच इमारतीतला सफाई कामगार, म्हणजे सुरुवातच कामाच्या जागी झाली म्हणा ना! झटक्याने त्याला ऐकू येऊ लागलं, हा पामर यांचा दावा मात्र आजचं वैद्यकशास्त्र मानत नाही. रील्समध्ये ऐकू येणारा ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवाचा दाब अचानक घटून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

गुण येतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि मसाज यांच्याबरोबर मणक्यावरच्या या उपचाराचाही पर्याय आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट वापरू नका, असं त्याच सूचना सांगतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो पट्टाच.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे शिबिरात येणाऱ्याचं शिक्षण कंपनीने आधी तपासायलाच हवं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, तो नंबर मागता येतो. मानेला झटका देऊ देण्याआधी तर दहादा विचार करा. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, रात्रीचं दुखणं, घटलेलं वजन यांपैकी काही असेल तर शिबीर नको, सरळ जळगाव किंवा धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि अशा मणक्याला झटका देणं घातक ठरू शकतं.

आणि ओझ्याचं काय?

इंजिनिअरिंगचं थोडं गणित इथे कामाला येतं. केळीचा २० किलोचा घड शरीरापासून ४० सेंटीमीटरवर धरला, तर तो पेलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. म्हणजे त्यांना आठपट, १६० किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तोच घड अंगालगत घेतला की हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती.

झटका देणारा महिन्यातून एकदा येईल, कट्टा मात्र रोज उचलायचा आहे. म्हणून शिबिराच्या आधी मालकाने थप्पीखाली कंबरेइतका उंच ओटा बांधावा, एक ट्रॉली घ्यावी. शिबीर तरीही ठेवाच. फक्त त्या तासाभराचा रोज कापला जाणार नाही ना, हे कामगारांनी आधीच विचारून घ्यावं.