दुधाच्या पावडरीचा डबा

पावसाळ्याआधी मसाले, पापड, डाळी यांना ऊन दाखवणाऱ्या घरातही दुधाच्या पावडरीचा डबा वर्षभर शेगडीजवळच्या फळीवरच असतो. ‘कोरडी वस्तू, तिला काय होणार?’ हा समज चुकीचा आहे आणि तान्हे मूल वरच्या दुधावर असेल तर धोक्याचाही आहे.

पावडर टिकते ती तिच्यात पाण्याचा अंश अगदी थोडा, शेकडा ४-५ भागांच्या आत, असतो म्हणून. दुधातील साखर हवेतील ओल ओढून घेते. चहात बुडवलेला चमचा डब्यात गेला, झाकण सैल राहिले, की गुठळ्या धरतात. शेगडीची ऊब तर साईसकट दुधाच्या पावडरीला खवट करते. (साय काढलेल्या दुधाची पावडर अधिक टिकते, ती याचमुळे.) फोडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवणेही आम्हाला पटत नाही. तो बाहेर काढला की आत दव धरते.

गुठळ्या चाळून पावडर वापरण्याची काटकसर अनेक घरांत चालते. ओल लागलेली, वास बदललेली पावडर गुलाबजामातही नको; बाळाला तर मुळीच नको. चहासाठीची साखर घातलेली पावडर चांगली असली, तरी ती बाळाचे अन्न नव्हे.

पहिले सहा महिने आईचे दूधच द्यावे. डॉक्टरांनी पावडरीचे दूध सांगितलेच, तर लक्षात असू द्या, की बंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असतो आणि नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की उकळलेले पाणी निदान ७० अंश सेल्सिअस गरम असतानाच पावडर मिसळावी. म्हणजे उकळी आल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करावे व लगेच पाजावे. तयार केल्यापासून दोन तासांत न संपलेले दूध ओतून द्यावे. ते पुन्हा गरम करू नये.

मोठा डबा स्वस्त पडतो खरा. पण बाळाचा डबा फोडल्यावर महिन्याभरात संपायला हवा. तेव्हा लहानच डबा घ्या, फोडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि आतला चमचा धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय परत टाकू नका.