मुदतवाढीवरचे आयुष्य आणि जन्मतारखेचा पुरावा

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ १९७२ साली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तिथे जन्मलेली पहिली पिढी आता पन्नाशीला पोहोचली असली, तरी तिच्यातील अनेकांचे भारतातील वास्तव्य अजूनही नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे परदेशी व्यक्तीला ठरावीक मुदतीपुरते राहू देणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण करून घ्याव्या लागणाऱ्या कागदावर, अवलंबून आहे. भारताने निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही, त्यामुळे आश्रय मिळतो तो शासनाच्या धोरणातून, हक्क म्हणून नव्हे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही दिले, परंतु त्याने जीवित सुरक्षित होते, वास्तव्य कायम होत नाही. नागरिकत्व कायद्याची २०१९ ची दुरुस्तीही पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांपुरती असल्याने तिबेटी बौद्ध तिच्या कक्षेत येत नाहीत.

असे असताना या मंडळींपैकी कित्येकजण कायद्याने आधीपासूनच भारतीय नागरिक आहेत, ही गोष्ट वकीलवर्गाने पुरेशी मनावर घेतलेली नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद वगळता, आईवडिलांचे राष्ट्रीयत्व कोणतेही असले तरी जन्मानेच नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने तिबेटी अर्जदारांच्या बाबतीत हे २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मान्य केले. निवडणूक आयोगानेही २०१४ मध्ये अशा व्यक्तींची नावे मतदारयादीत घेण्याचे निर्देश दिले. याच कलमाचा पुढचा धागा अधिक महत्त्वाचा आहे: १९७५ साली वसाहतीत जन्मलेली आई स्वतः नागरिक असेल, तर तिचे १९९८ साली भारतात जन्मलेले मूलही नागरिक ठरते, कारण १ जुलै १९८७ रोजी किंवा त्यानंतर आणि ३ डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या जन्मांसाठी आईवडिलांपैकी एकजण नागरिक असणे पुरेसे होते. म्हणून मुलाचे प्रकरण उभे करण्याआधी आईचा जन्मदाखला शोधला पाहिजे, आणि तो शोधताना १ मे १९९९ पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा कामाची रीत मराठवाड्यातील उमरग्यासारख्या तालुक्यातील वकिलांना परकी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात जमिनीच्या वादात खासरा पाहणी पत्रक आणि जातीच्या दाव्यात उर्दू-मोडीतील जुन्या नोंदी धुंडाळाव्या लागतात, आणि एका नोंदीवरून तीन पिढ्यांचा संबंध जोडून दाखवावा लागतो. वसाहतीतील व्यक्तीची जन्मनोंद झालेलीच नसेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापेक्षा अधिक विलंबाचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जातो. तिथे शाळेचा निर्गम उतारा, लसीकरणाची नोंद आणि पालकांचे त्या काळचे नोंदणी प्रमाणपत्र एकत्र मांडले, तर ते प्रमाणपत्रच जन्मस्थळाचा भक्कम आधार ठरू शकते. नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार संबंधित व्यक्तीवरच असल्याने ही जुळवाजुळव वाद उद्भवण्याआधी करावी लागते.

तिबेटला परतण्याची आशा मनात बाळगणारे काहीजण भारतीय नागरिकत्व मागत नाहीत, आणि त्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे. मात्र तो निर्णय स्वतःचा हक्क माहीत असलेल्या माणसाचा असावा, एवढी जबाबदारी वकिलावर येते. १ जुलै १९८७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि आईवडील दोघेही तिबेटातून आलेल्या तरुणांना मात्र जन्माधारित नागरिकत्वाचा हा मार्ग खुला नाही. भारतातच जन्मून भारतातच वाढलेल्या या माणसांना ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासाचा दर्जा देणारी तरतूद संसदेने करावी, यासाठी राज्यातील वकील संघांनी ठराव करून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे निवेदने पाठवणे आवश्यक आहे.