शेतीची पदवी, दूरचित्रवाणीचे शिक्षण



अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेतलेली मुलगी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तयार करायला शिकते म्हणाली, तर "मग शेतकी कशाला शिकलीस?" असे विचारू नका. या दोन विद्यांचे नाते जुने आहे. दिल्ली दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाले. मुंबईच्या 'आमची माती आमची माणसं'ने तर आपल्या भाषेत शेती दाखवली.

गुलाबी बोंडअळीचेच घ्या. बोंड वरून हिरवेगार, अळी आत. कपाशी न जाणणारा डोमकळीला साधे फूल समजून पुढे जाईल. जाणणारी मुलगी तिथेच कॅमेरा थांबवील, पाकळ्या उकलून अळी दाखवील. ते चित्र वेळेवर पाहिले, तर डोमकळ्या तोडून नष्ट करता येतात.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणी विभाग १९७४ साली दिल्लीहून आला. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी यांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम तेथे आहेत. दिग्दर्शनाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते. अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेत पदवीनंतर पत्रकारिता शिकता येते.

नोकरीची हमी कोणीच देत नाही. म्हणून अर्जाआधी फी, खोलीभाडे, जेवण यांचा हिशेब मुलीला सोबत घेऊन कागदावर मांडा. शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. त्यासाठी वावर विकू नका; पण हिशेब मांडण्याआधीच तिला नाहीही म्हणू नका.